तीस जूनची रांग

"मंजूर! एकमताने मंजूर!" सभागृहात वेंडेल प्रुइटने खुर्चीतून उडीच मारली. इलिनॉयमधल्या ऑर्लिनबर्ग नगरपालिकेचा हा हिशेबनीस तीन वर्षं या ठरावामागे हात धुऊन लागला होता. कर्मचारी निवृत्तीच्या वर्षी दणकून ओव्हरटाइम करत आणि त्या फुगलेल्या पगारावर जन्मभर पेन्शन घेत. आता एक जुलैपासून पेन्शन ठरणार होती पाच वर्षांच्या मूळ पगारावर. नगरपालिका बुडता बुडता वाचली होती!

तीस जूनला तो ऑफिसात आला, तर रांग जिन्यावरून थेट पार्किंगपर्यंत.

"हे काय?"

"निवृत्तीचे अर्ज," आस्थापना सांभाळणारी मार्वा म्हणाली. "जुन्या नियमाने जायचं तर आज पाचच्या आत. एकेचाळीस झाले. पाणीखातं अख्खं चाललंय."

"अगं, मग उद्या पाणी कोण सोडणार?"

"तुम्ही. नियम तुमचाच ना!"

इतक्यात महापौरबाईंचा फोन. "प्रुइट, पोलिसांत कोण उरलंय?"

"एक शिपाई, मॅडम. आणि कुत्रा."

"कुत्र्याला पेन्शन नाहीये ना?"

प्रत्येक अर्जाच्या तीन प्रती लागत. सकाळपासून धडधडणाऱ्या झेरॉक्स मशीनमधून पावणेपाचला धूर निघाला, मग जाळ.

"आग! आग!" वेंडेल ओरडला. रांगेत अग्निशमनचे अकरा जवान उभे होते. एकही हलेना.

"अरे, जा ना!"

"आणि नंबर गेला म्हणजे?"

शेवटी खालून अग्निशमनचा कॅप्टन गस ओलेक्सी पाण्याचा पाइप खेचत धावत आला. "सरका बाजूला!" दोन मिनिटांत आग विझली. पण गडी रंगात आला होता. त्याने टेबल, कपाटं, ट्रे, सगळं धुऊन काढलं.

पाच वाजले. मार्वाने ट्रेमधून कागदाचा लगदा उचलला. "गेले. सगळे अर्ज गेले."

वेंडेलने आनंदाने कॅप्टनला मिठीच मारली. "कॅप्टन, गाव वाचवलंत तुम्ही!"

कॅप्टनने ऐटीत हेल्मेट काढलं. टाळी मात्र एकही पडली नाही. रांग नुसती त्याच्याकडे बघत होती. हळूहळू त्याचा चेहरा पडला.

"मार्वा... मी सकाळी दिलेला अर्ज तू वेगळा ठेवला असशील ना गं?"

"ठेवला होता की. तुमच्या शब्दाखातर सगळ्यांच्या वर."