धर्माकाकांचे डावे चाक

आमच्या धर्माकाकांच्या बैलांची नावे मामलेदार आणि फौजदार अशी होती. यात कोणाचा अपमान करण्याचा त्यांचा हेतू नव्हता, असे मला मनापासून वाटते. ते म्हणत, "नाव मोठा ठेवला का जनावर ऐटीत चालतंय." पण कल्याणच्या बाजारातून दमणी हाकताना ते खच्चून ओरडत, "मामलेदारा, सरळ चाल! फौजदारा, दुसऱ्याच्या पेंढ्याला तोंड लावू नको!" तेव्हा दुकानदार तोंडात उपरणे कोंबून आत पळत, आणि मी, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच मुलगा, दमणीत अंग चोरून बसत असे.

धर्माकाका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. डोंबिवलीच्या खाडीकाठी आमचे मिठाचे आगर होते. दमणी माझ्याहून वयाने मोठी. तिची चाके एवढी फिरली होती की तेवढ्यात दोनदा काशी झाली असती. पण डोंबिवली ते कल्याण आणि कल्याण ते डोंबिवली याखेरीज तिने जग पाहिले नव्हते.

कारण दर मंगळवारी काका तिला कल्याणला नथू सुताराच्या कारखान्यात दाखवायला नेत. निघण्याआधी ते डोळे मिटून तिच्या भोवती फिरत, कुठे हात लावत, कुठे कान लावत, आणि म्हणत, "आयक, गारी बोलते रं." मग निदान होई. कधी उजवे चाक खोकत असे, कधी जू कण्हत असे. एकदा तर दमणीला अजीर्ण झाले होते.

इतक्या जुन्या गाडीला कारागिराची गरज काय, यावर गावात दोन मते नव्हती. वाटीभर तेल आणि हातभर काथ्या, की झाले, असे सगळे म्हणत. काकू तर म्हणे, "मना ताप आला तवा वैद आनायला तीन दिस लागलं. गारी शिंकली का लगेच कल्यान!"

त्यातली नवलाची गोष्ट अशी की काका आणि नथू सुतार यांचा अकरा वर्षे अबोला होता. लहानपणी दोघांनी मिळून खाडीत चिंबोऱ्या धरलेल्या. पुढे नथूने स्वतःच्या हाताने ही दमणी घडवून काकांना दिली. मग काकांच्या मुलीच्या लग्नात, नवरदेव दमणीत बसलेला असताना, भर वऱ्हाडात काका म्हणाले, "नथ्या, तुझा डावा चाक हलतंय." नथू न जेवता वऱ्हाडातून गेला तो गेलाच.

पण दमणी त्याच्या हातची, ती दुसरीकडे न्यायची कशी? तेव्हा बोलणे बैलांमार्फत चाले.

"मामलेदारा," नथू म्हणे, "तुज्या मालकाला सांग, ही पाचर कुजली."

"फौजदारा," काका म्हणत, "त्याला सांग, खोकला हाय तवर थंड पानी पिऊ नको."

बैल दोन्ही बाजूंचे ऐकून घेत आणि रवंथ करत. मला वाटे, काय हा राग! अकरा वर्षांत विझू नये?

दिवाळीच्या सुट्टीत काकूने मला गळ घातली की, तू शिकलेला आहेस, यांना समजाव. मी पुष्कळ तयारी केली. घर्षण म्हणजे काय, वंगणाने ते कसे कमी होते, जुनी गाडी घरच्या घरी कशी ठेवता येते, हे सगळे ओसरीवर उभे राहून सांगितले. काकांनी हात जोडून ऐकले. डोळे भरून म्हणाले, "केवरा शिकला रं माजा पोर!" आणि नंतरच्या मंगळवारी दमणी जुंपली.

मग मी ठरवले की करूनच दाखवावे. पुढच्या सोमवारी काका आगरावर गेलेले असताना मी कण्याला एरंडेल घातले, सैल सांधे काथ्याने आवळले, एकूण एक पाचर ठोकली. दमणी हलवून पाहिली. आवाज नाही! मला एवढा आनंद परीक्षेच्या निकालानेही झाला नव्हता.

मंगळवारी आम्ही निघालो. ठाकुर्लीपाशी काकांनी बैल थांबवले. खाली उतरून चाक हलवले. वाकून कान लावला.

"पोरा, गारी बोलत का नाय?"

"मी दुरुस्त केली, काका."

काका परत गाडीवर चढले. "मना इचारायचा तरी," एवढेच म्हणाले. कल्याण येईपर्यंत त्यांनी मामलेदारालाही शब्दाने विचारले नाही.

नथू हातोडी घेऊन दारातच उभा होता. त्याने वाकून पाहिले, ठोकून पाहिले, दोन फेऱ्या घातल्या. मग हळूच म्हणाला, "मामलेदारा, हिला काय झालंय?"

काका जमिनीकडे पाहत होते. "फौजदारा, सांग त्याला. काय नाय झाला. पोर शिकलाय."

"मंग आता?" नथू म्हणाला.

हे तो कोणत्या बैलाला म्हणाला, कोणालाच कळले नाही. कारखान्यात तीन-चार गिऱ्हाइके बसली होती, तीही माना वर करून पाहू लागली. दोघे म्हातारे दमणीच्या दोन बाजूंना उभे होते आणि कोणाच्याच हाताला काम नव्हते. तेव्हा कुठे मला समजले, की मी काय दुरुस्त करून ठेवले आहे. एवढी पुस्तके वाचूनही हे आधी समजले नाही, याची मला अजून लाज वाटते.

मग नथू खाली बसला. डाव्या चाकाची, मी ठोकून बसवलेली पाचर त्याने दोन घावांत उडवली. उभा राहिला, आणि त्या सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मामलेदारा, सांग त्याला. डावा चाक हलतंय."

काकांनी हातातला आसूड खाली ठेवला.

"फौजदारा," ते कसेबसे म्हणाले, "त्याला सांग, तवा काय हलला नवता. उगाच बोललू मी."

नथूने मामलेदाराची पाठ थोपटली. "फुरल्या मंगलवारी आन," तो बैलाच्या कानात म्हणाला. "हा काय एका दिसाचा काम नाय."

परत येताना ठाकुर्लीच्या चढावर डावे चाक कुरकुरू लागले. माझ्या मांडीवर एरंडेलाची बुधली होती, ती मी बैठकीखाली सरकवली. काकांनी बैल हळू केले, नीट ऐकू यावे म्हणून.