एक खण कमी

माझं मोजमाप कधी चुकत नाही, असं मी साठ वर्षांत एकदाच म्हणालो, तेही मनातल्या मनात. १९५७ साल. वर्ध्याच्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाची इमारत वाढवत होते. नकाशात खण सात. मी तीनदा मोजले. सहाच भरले! आणि काम पुरं झाल्याचं विद्यापीठाला लिहून द्यायचं होतं मी, म्हणजे ग्रंथपालाने.

रामाजी मिस्त्रीने एक खण गिळला, हे उघड होतं. तो मला रोज नमस्कार करायचा, त्याचाही आता संशय येऊ लागला. पण तोंडावर विचारायचं धैर्य कुठून आणू? मी चिठ्ठी लिहिली, “सात खण ठरले होते. मला सहाच मिळाले. सातवा कोणाला दिलात?” आणि खुंटीवरच्या त्याच्या बंडीच्या खिशात हळूच सरकवली.

रामाजीला वाचता येत नव्हतं. त्याची बायको धुरपता मात्र प्रौढ वर्गात वाचायला शिकली होती. शिकवलं मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती गाठोडं आणि माझी चिठ्ठी घेऊन ग्रंथालयाच्या दारात उभी.

“मास्तर, सहा खण तुमाले भेटले म्हने. तुमी कोनाकोनाले वाटले जी?”

“वाटले?”

“बारा वर्सांत मले चोळीले एक खण नाई आणला त्यानं. अन् सात बायांले वाटून राह्यला, तुमच्या हातून! मी चालली सिंदीले, मायेरी.”

माझे कान तापले. “अहो बाई, चोळीचे नव्हेत! इमारतीचे खण!”

मी रामाजीकडे पाहायचो, तशाच संशयाने ती माझ्याकडे पाहत होती. “दाखवा.”

मी एकेका खांबाला हात लावत मोजलं. सहा.

“मास्तर, तुमी खांब मोजून राह्यले. मधातली जागा मोजा न, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.”

सात! तिने गाठोडं खाली ठेवलं. माझ्या चिठ्ठीपायी मोडू घातलेला संसार वाचला.

तेवढ्यात रामाजी धापा टाकत आला. हातात हिरवा खण. “घे वं, तुह्यासाठीच आणला.”

धुरपताने खण उलटासुलटा पाहिला. “एवढ्या सकाळी कोनतं दुकान उघडलं? हा आठवा कोनासाठी ठेवला होता?”

रामाजीने माझ्या दिशेने बोट केलं. “मास्तरले पूस न.”

मी तोवर सहाव्या खांबाआड गेलो होतो.