सांगून न दिलेलं औषध

सलूनच्या मालकाचे केस गळू लागले, हे त्याच्याआधी गिऱ्हाइकांच्या लक्षात आलं. चहूबाजूंनी आरसे लावलेल्या दुकानात माणूस डोकं लपवणार तरी कुठे? जगाला तेलं सुचवणाऱ्याचं स्वतःचं डोकं मागून चकाकू लागलं, की लोक तेलावर शंका घेणारच. जुनी गिऱ्हाइकं समोरच्या नव्या दुकानात शिरू लागली, आणि शिरताना इकडे बघायचं टाळू लागली. असंच चाललं तर आपण दुकानाला कुलूप लावून समोर खुर्च्या पुसायला जाणार, या विचाराने मालकाला घास गिळवेना.

एका गिऱ्हाइकाने सेलेनियमचं नाव काढलं. अन्नात कणभर असणारं खनिज, केसांना म्हणे फार चांगलं. मालकाने जेवताना घरी ते सांगितलं आणि वर बजावलं, की गोळ्या-बिळ्या आपण घेणार नाही, ती रिकामटेकड्यांची कामं.

चर्चा तिथेच संपली, कारण त्या घरात औषध कधी सांगून देत नसत. मालक लहानपणी गोळी दिसली की पलंगाखाली शिरायचा. तेव्हापासून आईने त्याला प्रत्येक औषध कशात ना कशात लपवून दिलं होतं, आणि सांगून दिलेलं औषध लागू पडत नाही, असं तिचं ठाम मत होऊन बसलं होतं. सून घरात आली आणि तिनेही हीच रीत उचलली.

दुसऱ्याच दिवशी बायकोने सेलेनियमची बाटली आणली. गोळी लाटण्याखाली चिरडून ती नवऱ्याच्या सकाळच्या चहात घालू लागली. आईनेही बाटली आणली. तिची गोळी रात्रीच्या दुधात. मालक स्वतः तर दोघींच्याही आधी औषधवाल्याकडे जाऊन आला होता. त्याची बाटली सलूनच्या खणात, पावडरच्या डब्यामागे. एकाचं औषध दुसऱ्याला सांगायचं नाही हा औषधवाल्याचा बाणा असल्यामुळे त्याने सगळ्यांना बाटल्या दिल्या आणि तोंड मिटून घेतलं.

केस आणखी गळू लागले. गोळी कमी पडतेय, असं बायकोला वाटलं आणि तिने एकीच्या दोन केल्या. आईलाही तेच वाटलं, मालकालाही तेच वाटलं. नखं ठिसूळ होऊन कात्री धरताना तुटू लागली, तेव्हा त्याने एक गोळी नखांसाठी म्हणून वाढवली.

मग लसणाचा वास सुरू झाला. मालक दाढी करायला वाकला की गिऱ्हाईक श्वास रोखून बसे. आईला वाटलं, लेक बाहेर चमचमीत खातोय. त्याने शपथा घेतल्या. आईने घरातला लसूण शेजारणीला देऊन टाकला, तरी वास जागच्या जागी. सगळे चक्रावून गेले.

"मला तर कसलाच वास येत नाही," बायको म्हणायची.

सून नवऱ्याला पाठीशी घालतेय, अशी आईने मनाशी नोंद केली. मालकाला मात्र बायकोचं फार कौतुक वाटलं. दुपारी जेवायला घरी आला की तिचा चहा तोच करायचा, तो आता जास्तच मन लावून करू लागला.

शेवटी सर्वात जुनं गिऱ्हाईक अर्धी दाढी झालेली असताना उठलं आणि रुमालाने तोंड झाकून समोर गेलं. मालक घरी येऊन मटकन खाली बसला. उद्यापासून दुकान बंद, म्हणाला. दोघींनी त्याला धरून डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी त्याला आ करायला लावलं आणि खुर्ची मागे सरकवली. "सेलेनियम किती घेता?"

मालकाने चोरट्या आवाजात आकडा सांगितला. मग बायकोने तिचा सांगितला. मग आईने. डॉक्टरांनी बेरीज केली आणि चष्मा काढून ठेवला.

"अहो, हे अंगाला चिमूटभरसुद्धा लागत नाही, आणि तेवढं रोजच्या जेवणात मिळतं. जास्त झालं की केस जातात, नखं जातात, तोंडाला लसणाचा वास येतो. तुमचे पहिले केस वयाने नेले, बाकीचे घरच्यांनी."

"येतील का परत?" मालकाने डोक्यावरून हात फिरवत विचारलं.

"गोळ्या बंद करा. घरच्यांनी नेलेले येतील हळूहळू. वासही जाईल. दुकान उघडं ठेवा."

बायको पुढे वाकली. "पण डॉक्टर, मग मला कसा कधी वास आला नाही?"

डॉक्टरांनी खुर्ची आणखी मागे सरकवली. ती आता भिंतीला टेकली. "बाई, तुम्ही किती घेता?"

"मी? एकसुद्धा नाही."

"मी नाही हं काही दिलं," आई घाईघाईने म्हणाली.

मालक आपलं तुटकं नख निरखत होता.

"तुझ्या कंगव्यात केस दिसले होते," तो म्हणाला. "म्हटलं, सांगून दिलं तर लागू पडायचं नाही."

बायकोचा हात आपसूक वेणीकडे गेला. ती तिच्या आठवणीपेक्षा बरीच बारीक झाली होती.

"दुपारच्या चहात?"

त्याने मान डोलावली.

"तरीच," ती म्हणाली. "रोज वाटायचं, काय घाणेरडा चहा करतो हा माणूस. पण एवढ्या प्रेमानं करताय, म्हणून मुकाट्यानं प्यायचे. शिवाय तुमचे केस गेल्यामुळे तुम्ही आधीच खचलेले."

घरी आल्यावर चहा आईने केला, आणि तो होईपर्यंत दोघंही स्वयंपाकघरात तिच्या शेजारी उभी राहिली.