नऊ वर्षांचा करार आणि माझा गुडघा

संघ कसा बांधावा हे आमच्या सिनसिनाटीत फक्त दोन माणसांना कळतं. एक मी, आणि दुसरा मला अजून भेटलेला नाही.

मी डेल हूबर. गॅरेजचे दरवाजे बसवतो, पण ते पोटासाठी. माझं खरं काम रेडिओवर फोन करणं. रोज सकाळी बझ नावाच्या गृहस्थाचा बेसबॉलवरचा कार्यक्रम असतो. लोक त्यात फोन करून संघाच्या मालकांना अक्कल शिकवतात, फुकट. मी त्यातला जुना जाणता. बझ मला ‘दरवाजेवाला डेल’ म्हणतो, आणि माझा आवाज आला की निम्मं शहर हातातलं काम थांबवतं अशी माझी समजूत आहे.

माझं तत्त्वज्ञान सोपं आहे. घरची पोरं खालच्या संघांतून तयार करा, आणि तिशी उलटलेल्या खेळाडूला लांबचा करार चुकूनही देऊ नका. खेळाडू जीव तोडून कधी खेळतो? कराराच्या शेवटच्या वर्षी. कारण पुढच्या वर्षी आपलं पान मांडलं जाणार की नाही, याची त्याला धास्ती असते. एकदा नऊ-दहा वर्षांची ददात मिटली की गडी सुस्तावतो. पोट सुटतं, गुडघे कुरकुरतात, आणि आपण प्रेक्षक तिकिटं काढून ती कुरकुर बघत बसतो.

आता ज्या दिवशी हा घोळ झाला तो दिवस म्हणजे हंगामाच्या पहिल्या सामन्याचा. आमच्याकडे त्या दिवशी शहरात मिरवणूक निघते आणि काम फारसं कुणी करत नाही. आदल्याच दिवशी आमच्या मालकांनी पहिल्या बेसवर खेळणाऱ्या तेहतीस वर्षांच्या माणसाला नऊ वर्षांचा करार दिला होता. नऊ! मला रात्रभर झोप नाही.

झोप न येण्याचं दुसरंही कारण होतं. माझ्या शर्टाच्या खिशात अंगठी होती. लोर्ना ऑस्टरहाउस आणि मी अकरा वर्षं एकमेकांचे आहोत, पण लग्न राहून गेलेलं. ती फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते. तिला दूरच्या टॅम्पा शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यातून नोकरीचं बोलावणं आलं होतं. ‘सोमवारी कळवायचंय. इथं थांबायला काही कारण असेल तर थांबेन,’ एवढंच ती म्हणाली होती. असलं वाक्य बाई दुसऱ्यांदा बोलत नाही. तिच्या वडिलांच्या घरी पहिल्या सामन्याचं जेवण होतं, तिथं सगळ्यांसमोर विचारायचं मी ठरवलं होतं.

सकाळी मिरवणुकीमुळे माझी गाडी रस्त्यात अडकली, म्हणून वेळ घालवायला मी बझला फोन लावला. नऊ वर्षांच्या कराराचं पीठ पाडलं. बझ म्हणाला, “अरे डेल, निष्ठा नावाची काही चीज आहे की नाही? तुझं लग्न झालंय का?”

“नाही.”

“कुणी आहे तरी?”

“आहे. अकरा वर्षं.”

“अकरा वर्षं, आणि लग्न नाही?”

शहाण्या माणसाने इथं फोन ठेवला असता. पण माझ्यात एक खोट आहे, वाद सुरू झाला की मला हरता येत नाही. मी म्हणालो, “बझ, तेच तर सांगतोय. अकरा वर्षं एकेका वर्षाच्या बोलीवर चाललंय. लांबचा करार दिला नाही, म्हणून तर दर रविवारी मला गरम पॉट रोस्ट मिळतो. आज सही केली की उद्या गार जेवण!”

बझ हसून हसून खोकायला लागला. म्हणाला, “हे सोनं आहे. आज सामन्याच्या आधी सगळ्या शहराला पुन्हा ऐकवतो.”

“नको नको,” मी ओरडलो. पण तोवर गाद्यांची जाहिरात सुरू झाली होती. परत फोन लावला तर लागेना. सगळं शहर त्या नऊ वर्षांवरच बोलत होतं.

खिशातली अंगठी मला एकदम जड लागायला लागली. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. लोर्ना सकाळी कामावर, तिचे वडील आणि बहीण मिरवणुकीत, म्हणजे सकाळचं कुणी ऐकलं नव्हतं. पण सामन्याआधी त्या घरात रेडिओ लागणार म्हणजे लागणारच.

तिचे वडील व्हर्जिल चौऱ्याऐंशीचे. आयुष्यभर बस चालवली. त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रीजवर एक रेडिओ आहे आणि पहिला सामना ते त्याच्यावरच ऐकतात. मी पोचलो तेव्हा तो सुरू होता. भांड्यात हॅम, घेवड्याच्या शेंगा आणि बटाटे शिजत होते. लोर्नाची धाकटी बहीण ग्रेचन प्लेटा मांडत होती.

“आलास?” ग्रेचन म्हणाली. “यंदाही पाहुणा म्हणूनच ना?”

“ग्रेचन, पुरे,” लोर्ना म्हणाली. तिने निळा ड्रेस घातला होता आणि ती माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्यात वाट बघणं होतं. मला भडभडून आलं आणि त्याच वेळी पाचावर धारण बसली.

मी फ्रीजजवळ जाऊन आवाज हळूच कमी केला. व्हर्जिलनी उठून तो वाढवला.

“व्हर्जिल, आज टीव्हीवर बघूया का?”

“अरे, टीव्हीवरची माणसं फार बोलतात.”

“मग बाहेर अंगणात बसू. हवा छान आहे.”

“पाऊस पडतोय, डेल.”

पडत होता खरा. तेवढ्यात रेडिओवर बझचा आवाज आला, “मंडळी, जाहिरातींनंतर तुम्हाला आज सकाळचा एक फोन ऐकवतो. खुर्चीला धरून बसा.”

मी हात धुवायला जातो म्हणून थेट तळघरात गेलो आणि मेन स्विच खाली ओढला. घर शांत झालं. आयुष्यात केलेलं इतकं नेमकं काम मला आठवत नाही.

वर आलो तर सगळे अंधारात उभे. “वीज गेली वाटतं,” मी म्हणालो.

ग्रेचन खिडकीतून बघत होती. “शेजाऱ्यांकडे दिवे आहेत बरं का.”

“मग त्यांच्याकडे जातेस का जेवायला?” व्हर्जिल म्हणाले. “प्लेटा उचला. गाडीत रेडिओ आहे.”

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. पाच मिनिटांत आम्ही चौघं गॅरेजमधल्या त्यांच्या जुन्या लांबलचक गाडीत, मांडीवर हॅमच्या प्लेटा घेऊन बसलो होतो. पुढे व्हर्जिल आणि ग्रेचन, मागे लोर्ना आणि मी. समोर गॅरेजचा बंद दरवाजा. तो मीच बसवलेला, विजेवर चालणारा. व्हर्जिलनी किल्ली अर्धी फिरवली आणि गाद्यांची जाहिरात सुरू झाली.

आता एकच मार्ग होता. माझा सकाळचा फोन रेडिओवर लागायच्या आत विचारून टाकायचं. तिने एकदा हो म्हटलं की मग बझने काहीही ऐकवू दे. मी डबी बाहेर काढली. प्लेट घसरून एक बटाटा माझ्या बुटात गेला.

“लोर्ना,” मी म्हणालो, “मला तुला एक विचारायचंय.”

“शू,” पुढून व्हर्जिल म्हणाले, “संघ जाहीर होतोय.”

संघ जाहीर झाला. एकेक नाव, एकेक जागा, त्या निवेदकाला काही घाई नव्हती. लोर्नाची नजर माझ्या हातातल्या डबीवर गेली. तिने काटा खाली ठेवला आणि हळूच म्हणाली, “विचार की.”

“माझ्याशी,” मी म्हणालो, आणि रेडिओतून माझाच आवाज आला, “बझ, तेच तर सांगतोय. अकरा वर्षं एकेका वर्षाच्या बोलीवर चाललंय.”

माझा आवाज इतका आत्मसंतुष्ट आहे हे मला माहीत नव्हतं. पॉट रोस्टपर्यंत सगळं स्पष्ट ऐकू आलं. मग बझचं हसणं, मग खोकला. मग व्हर्जिलनी हात पुढे करून आवाज बंद केला. पहिल्या सामन्याच्या दिवशी त्यांनी रेडिओ बंद केल्याचं त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं.

“डेल,” ते आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, “तो पॉट रोस्ट मी करतो.”

“काय?”

“दर रविवारी. मी करतो, लोर्ना फक्त डब्यात भरून आणते. म्हणजे तुझी बोली माझ्याशी चाललीय.”

ग्रेचनला हसू आवरेना. लोर्ना हसली नाही. ती दार उघडून बाहेर गेली आणि गॅरेजच्या बंद दरवाजासमोर पाठ करून उभी राहिली. मला तिचे खांदे दिसत होते. टॅम्पा, सोमवार, सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. आता ही जाणार, आणि मी रेडिओवर शहाणपणा शिकवत म्हातारा होणार.

मी बुटातल्या बटाट्यासकट तिच्यामागे गेलो आणि गुडघ्यावर बसलो. बसलो म्हणजे बसायला गेलो. उजव्या गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाला आणि मी तिथेच अडकलो. ना खाली, ना वर.

“लोर्ना, चुकलो,” मी म्हणालो. “मला वाद जिंकायचा होता. अंगठी तेव्हाही खिशातच होती. तू गेलीस तर मी काय करू मला ठाऊक नाही. लग्न कर माझ्याशी.”

ती वळली. माझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. मोबाइलचा दिवा लावून खाली बसली आणि माझ्या गुडघ्याची वाटी चाचपायला लागली.

“हा आवाज कधीपासून येतोय?”

“बरेच महिने झाले.”

“माझा धंदा काय आहे, डेल? मला का नाही सांगितलंस?”

“कराराच्या आधी दुखणं कोण सांगतं?”

तिच्या ओठाचा कोपरा हलला. मग तिने दिवा माझ्या तोंडावर मारला. “म्हणजे वय छप्पन्न, गुडघा गेलेला आणि तोंडावर ताबा नाही. मी संघाची मालक असते तर तू मला काय सल्ला दिला असतास? खरं सांग हं.”

इथं खोटं बोलायचं होतं, वाचकहो. जन्मभराचा करार, नाही म्हटलं तरी निदान नऊ वर्षं! पण ज्या तत्त्वासाठी मी एवढी वर्षं फोनची बिलं भरली ते असं गॅरेजमध्ये सोडून द्यायचं?

“एक वर्ष,” मी म्हणालो.

गाडीतून व्हर्जिलनी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

“ठीक,” लोर्ना म्हणाली. “एक वर्ष. अंगठी घालते. पुढच्या पहिल्या सामन्याला परत बघू.”

“आणि मग पुढचं?”

“ते माझ्या मर्जीवर.”

“आणि टॅम्पा?”

“टॅम्पाला नाही म्हणून कळवते.” तिने हात पुढे केला. अंगठी तिच्या बोटात जाईना तेव्हा तिने स्वतःच ढकलली. मी रडलो. सांगायला लाज वाटत नाही.

“तुमचं झालं असेल तर आवाज वाढवू का?” व्हर्जिलनी विचारलं. “नऊ वर्षांवाला फलंदाजीला येतोय.”

त्यांनी आवाज वाढवला, आणि त्या तेहतीस वर्षांच्या माणसाने पहिल्याच चेंडूवर असा फटका मारला की चेंडू प्रेक्षकांच्या डोक्यावरून बाहेर. व्हर्जिलनी हॉर्न वाजवला. लोर्ना आणि ग्रेचन एकमेकींना मिठी मारून ओरडल्या. मला मिठी मारायला कुणी वाकलं नाही, आणि मला उठता येत नव्हतं.

तेव्हापासून दर पहिल्या सामन्याला माझं नूतनीकरण होतं, त्याच गॅरेजमध्ये. ग्रेचन साक्षीदार असते आणि मुद्दाम आढेवेढे घेते. मी भांडी घासतो. व्हर्जिलना डॉक्टरकडे नेतो. पॉट रोस्ट आता मी करतो आणि तो गरम असतो. गुडघ्याचे व्यायाम सकाळ-संध्याकाळ चुकवत नाही. लोर्ना म्हणते, असा डेल तिने अकरा वर्षांत पाहिला नव्हता. शेवटच्या वर्षी गडी जीव तोडून खेळतो हे माझं तत्त्वज्ञान शंभर टक्के खरं ठरलं आहे, आणि मला त्याचा अजिबात आनंद नाही. तो नऊ वर्षांवाला मात्र पोट सुटूनसुद्धा फटके मारतोच आहे. रात्री शांत झोपत असणार.

यंदा पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी मी बझला फोन लावला. तो म्हणाला, “मंडळी, दरवाजेवाला डेल आलाय! बोल रे, लांबच्या करारांबद्दल अजून तेच मत का?”

ओट्यापाशी लोर्ना मी घासलेलं पातेलं उजेडात धरून बघत होती.

“बझ,” मी हळूच म्हणालो, “परवा बोलू. उद्या माझा करार संपतोय.”