चंद्रीच्या कार्डावरचा शब्द

चातुर्मासात खोटं बोलायचं नाही, हे माझं व्रत. अकरा वर्षांत एकदाही मोडलं नाही! गावात तंटा झाला की लोक देवाची शपथ घालण्याआधी मला बोलावतात. पण एकाहत्तरच्या श्रावणात एका म्हशीनं माझी सगळी पत घालवली.

चंद्री गाभण असेल तर ठेवायची, नसेल तर विकायची, असं ह्यांनी ठरवलं. वैरणच नव्हती. माझा जीव मात्र चंद्रीत अडकलेला. शेवगावहून जनावरांचे डॉक्टर आले, कोपरापर्यंत हात घालून तपासलं, कार्डावर एक लांबलचक इंग्रजी शब्द लिहिला आणि फटफटीवरून पसार!

राधाकृष्ण गुरुजींनी कार्ड वाचलं. "इनकन्क्लुझिव्ह. म्हणजे नक्की सांगता येत नाही. होही नाही, नाहीही नाही."

"मग येवढा हात घालून केलं काय त्यानं?" हे कडाडले. "शाळंतलं पोरगंबी पास हुतं न्हाईतर नापास!"

दुसऱ्याच दिवशी ह्यांनी म्हशींचा व्यापारी आसाराम दारात आणून उभा केला.

"गाभण हाय!" जास्त भाव मिळावा म्हणून ह्यांनी ठोकून दिलं.

"तुमचं ऱ्हाऊ द्या, सूर्यभानराव. वहिनीस्नी इचारतो. चातुर्मास चालू हाय."

हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तरी खोटंच! मी हळूच म्हटलं, "इनकन्क्लुझिव्ह आहे."

आसारामनं शहाण्यासारखी मान डोलावली. "आस्सं! मग सोडा दावं!"

"अहो भाऊ, म्हणजे नक्की सांगता येत नाही!"

"कळलं, वहिनी! गाभण हाय, पन तुमाला द्यायची न्हाई. खोटं बोलता येईना म्हनून विंग्रजी काढलं!" त्यानं दाव्याला हात घातला.

त्याची घाई बघून ह्यांचे डोळे बारीक झाले. "थांब! न्हाई इकायची!"

"आता का?"

"माझी म्हस, माझी मर्जी!"

दोघं दावं ओढू लागले. चंद्री रवंथ करत मधे उभी, जणू शेजारच्या घरची भांडणं ऐकतेय. शेवटी आसाराम चरफडत गेला. चंद्री राहिली! मी मनोमन देवाला हात जोडले.

तेवढ्यात हे जवळ येऊन हसले. "खरं सांग. गाभण हाय, हे तुला ठावं हुतं ना?"

"नाही हो. देवाशप्पथ, नाही."

हे हळहळून चुकचुकले.

"अरारा! एका म्हशीपायी देवाची खोटी शपथ! अकरा वर्सांचं व्रत मोडलंस!"