आबांचा डावा हात

सकाळी चहा ओतून घेतलेली बशी जालिंदर आबांच्या डाव्या हातातून सुटली आणि फरशीवर फुटली. फुटल्या बशीचं कुणाला काही नव्हतं, पण आबा तिच्याकडं न बघता हाताकडंच बघत राहिले. मनगट खाली लोंबत होतं. उचलायला गेले तर उचलेना. अंगठ्यामागच्या बाजूला नुसत्या मुंग्या, चिमटा काढला तरी कळेना.

सून रश्मी स्वयंपाकघरातून धावत आली. "आबा, काय झालं?"

"काय न्हाई. हात जरा बधिर झालाय."

"कोणता?"

"डावा."

डावा म्हटल्यावर मोबाईल वाचणाऱ्या माणसाच्या मनात जे येतं तेच रश्मीच्या मनात आलं. तिनं तिथूनच नवऱ्याला हाक मारली, "अहो, गाडी काढा! आबांना अटॅक!"

मधल्या खोलीच्या दारात उभ्या असलेल्या चांगुणाबाईंनी, म्हणजे आबांच्या बायकोनं, तोंडाला पदर लावला. सगळ्यांना वाटलं, त्या रडताहेत.

खरं काय ते घरात या दोघांनाच ठाऊक होतं, आणि तुमच्यापासून ते लपवण्यात काही अर्थ नाही. आबांचा हात चांगुणाबाईंच्या डोक्याखाली दबला होता.

आता हे एवढं लपवण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. तर आबांना तुम्ही बघितलेलं नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांच्यापुढं गाडीवान तंबाखू थुंकून मगच बोलायचे. बायकोशी चारचौघांत बोलायची वेळ आलीच, तर आबा भिंतीकडं बघून बोलत. हंगामात रात्रपाळी, एरवी झोपायला ओटा. चांगुणाबाई आत सासूजवळ, पोरांजवळ. जन्म असाच गेला. दोन वर्षांपूर्वी मुलानं, नितीननं, स्लॅबचं घर बांधलं आणि पुढची खोली आबांना दिली. खोलीत एक पलंग, पलंगावर एक उशी. चांगुणाबाईंचं अंथरूण मधल्या खोलीत, नात सुकन्याच्या शेजारी.

यंदा थंडी कडाक्याची पडली. आबांच्या गुडघ्याला तेल लावायला म्हणून चांगुणाबाई पुढच्या खोलीत जायच्या, त्या एक दिवस तिथंच राहिल्या. मग रोजच राहू लागल्या, आणि घर जागं व्हायच्या आत आपल्या अंथरुणावर परत. सुकन्या कानाशी ढोल वाजवला तरी उठत नाही, त्यामुळं तिकडची काळजी नव्हती. काळजी एकच, उशी एक आणि डोकी दोन. उशी काखेत मारून जावं आणि वाटेत कुणी बघितलं तर? सुनेकडं दुसरी मागावी, तर एकट्या माणसाला दोन उशा कशाला? "त्यापरीस हात बरा," आबा म्हणाले होते. त्या हातानं आज दगा दिला.

शेवगावला दवाखान्यात गेले ते चौघं आणि शेजारचा कानिफनाथ. कानिफनाथला गावातलं प्रत्येक आजारपण तोंडपाठ, त्यामुळं त्याला न घेता गाडी हलत नाही. छातीची ईसीजीची पट्टी काढली. काळीज ठणठणीत निघालं.

"मंग अर्धांग," कानिफनाथ म्हणाला. "तोंड वाकडं हुतंय का बघा."

तिथल्या तरुण डॉक्टरांनाही ते पटलं. ते आबांसमोर वाकून म्हणाले, "बाबा, जरा हसून दाखवा."

आबा त्यांच्याकडं बघत राहिले.

"हसा ना. दात दिसू द्या."

समोर मुलगा उभा, सून उभी. आबा कसले हसताहेत! डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, नितीननं स्वतः हसून दाखवलं, कानिफनाथनं हसून दाखवलं, पण आबांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. डॉक्टर गंभीर झाले आणि नर्सला म्हणाले, "चेहऱ्याला हालचाल नाही."

"अवो, ते तसंच असतंय त्यांचं," चांगुणाबाई घाईनं म्हणाल्या. "लग्नापासनं!"

मग डोक्याचा फोटो झाला. डोकं चांगलं होतं. साखर तपासली, तीही बरी. शेवटी मानेचा एक्स-रे काढला आणि तिथं मात्र दोन मणके जवळ आलेले दिसले. आता आबांच्या वयाच्या माणसाच्या मानेचा फोटो काढल्यावर मणके जवळ आलेलेच दिसणार, पण सगळ्यांना बरं वाटलं. एकदाचं काहीतरी सापडलं. नस तिथंच दबली असावी, असं ठरलं. मानेला पट्टा लावला, उताणं झोपायला सांगितलं, आणि फरक पडला नाही तर ऑपरेशनचं बघू म्हणाले.

पट्टा लावल्यावर आबांना कूस बदलता येईना. पूर्वी अधूनमधून हात ओढून घेता यायचा, आता तो आहे तिथंच अडकला. चार दिवसांत बोटंही सरळ होईनात.

"गुण न्हाई म्हंजी कापावं लागनार," कानिफनाथनं ओट्यावर बसून सांगितलं. "आमच्या मावसभावाचं केलं की मानंचं. मानूस झ्याक हाय आता. फक्त मागनं हाक मारली की मान वळत न्हाई, समदा मानूस वळतो."

तो गेल्यावर चांगुणाबाई तुरी निवडत पुढच्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. डोळे भरलेले होते.

"अवो, सांगून टाका की खरं."

"कुनाला?" आबा भिंतीकडं बघून म्हणाले. मान वळतच नव्हती म्हणा. "पोराला सांगू? का सुनंला?"

"माज्या डोक्यापायी तुमची मान कापायची व्हय? म्या न्हाई येत आजपासनं."

आबा हळूच म्हणाले, "सारा जलम तर ओट्यावर काढला, चांगुणा. आता कापली तर कापली."

लग्नापासून आज पहिल्यांदा त्यांनी बायकोचं नाव घेतलं होतं. चांगुणाबाईंच्या सुपातल्या तुरी खाली सांडल्या आणि विषय तिथंच संपला.

ऑपरेशनच्या आधी एकदा नगरच्या नसांच्या डॉक्टरांना दाखवावं, असं रश्मीनं काढलं. त्या निघाल्या बाई, डॉक्टर मोनिका, नितीनच्याच वयाच्या. आबांचा उरलासुरला धीर सुटला. डॉक्टरांनी हातोडीनं कोपर ठोकलं, हाताला करंट देऊन मशीनवर रेघा बघितल्या, मनगट उचलायला सांगितलं. मग म्हणाल्या, "दुखणं मानेचं नाहीच. मनगट उचलणारी नस इथं दंडाच्या मागं हाडाला चिकटून जाते. तिच्यावर इथंच वजन पडतंय, तेही तासन् तास. हातावर डोकं ठेवून कुणी झोपतं का?"

नितीन आणि रश्मी एकमेकांकडं बघू लागले.

"नवीन लग्न झालेल्या पोरांना होतं हे," डॉक्टरांनी सांगितलं.

नितीनला हसू आवरेना. "छे हो मॅडम! आबा एकटेच झोपतात."

"आबांच्या खोलीत मांजरबी जायाला भेतंय," कानिफनाथनं ग्वाही दिली.

"मी एकलाच असतो," आबा म्हणाले. पट्ट्यामुळं त्यांना मान खाली घालता येत नव्हती, म्हणून त्यांनी डोळे मिटले.

डॉक्टरांची नजर फिरत फिरत कोपऱ्यातल्या चांगुणाबाईंवर गेली. चांगुणाबाईंनी पदर इतका ओढला होता की हनुवटीसुद्धा दिसत नव्हती. डॉक्टर मोनिका क्षणभर त्या पदराकडं बघत राहिल्या. बाई शहाण्या होत्या, आणि त्यांच्याही घरी सासू-सासरे असावेत.

"मग पलंगाच्या कडेवर हात दबत असेल," त्या अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाल्या. "ऑपरेशन नको, पट्टाही काढा. डाव्या हाताला पूर्ण आराम. त्याच्यावर कसलंही वजन नको. आणि घरात एक जास्तीची उशी द्या बाबांना. हाताखाली ठेवायला."

"उशी?" रश्मीला रडूच आलं. "आबा, एक उशी मागायची हो माझ्याकडं! एवढ्यासाठी मान कापून घ्यायला निघालात?"

आबांना त्या डॉक्टरीणबाईच्या पाया पडावंसं वाटलं. येताना नितीननं नगरलाच चांगली जाड उशी घेतली. चांगुणाबाई ती मांडीवर घेऊन घरापर्यंत बसल्या, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

हात हळूहळू सुधारला. आधी बोटं उघडली, मग मनगट उचललं. होळीला आबांनी डाव्या हातात बशी धरून चहा घेतला आणि कानिफनाथनं गावभर सांगितलं की नगरच्या डॉक्टरला आपणच शोधून काढलं.

आंबे बाजारात आले त्या सुमारास डॉक्टर मोनिकांच्या दवाखान्यात आबा आणि चांगुणाबाई दोघंच हजर झाले. घरी पाव्हण्यांकडं जातो म्हणून सांगितलं होतं, आणि यष्टीनं आले होते. डॉक्टरांनी बघितलं तर आबांचं उजवं मनगट खाली लोंबत होतं.

"अहो बाबा, आता उजवा? उशी दिली होती ना?"

"दिली की," आबा म्हणाले. "रोज डाव्या हाताखाली घेतो. तुमचा शबुद एक दिवस मोडला न्हाई."

"मग हे कसं झालं?"

आबा भिंतीकडं बघू लागले. तेव्हा चांगुणाबाईंनी डोक्यावरचा पदर मागं सारला. "बाई, डाव्या हाताला आराम द्या म्हनल्या हुत्या तुमी. मंग दिला की."

डॉक्टरांनी आबांकडं बघितलं. आबा भिंतीकडं बघून हसत होते, तोंडाच्या दोन्ही बाजूंनी सारखंच.