चकलीचा ड्रायव्हर

"पहिला नंबर आपलाच! लिहून घे!" असं ओरडत संजीव खासनीस सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या आपल्या फ्लॅटमध्ये शिरला, तो पायांतल्या बुटांसकट. त्याची बायको मधुवंती स्वयंपाकघरात सोऱ्या दाबून चकल्या पाडत होती. तिने आधी बुटांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"कशात पहिला नंबर?"

"शर्यतीत!"

"कसल्या? बूट घालून घरात घुसायच्या?"

संजीव मुकाट्याने दारापर्यंत मागे गेला, बूट काढले आणि मोज्यांवर घसरत परत आला. आनंदच तसा होता!

झालं होतं असं. संजीव क्वीन्सटाउनजवळच्या एका अमेरिकन बँकेत अकाउंटंट. तिथे क्लेटन नावाचे नवे साहेब आले होते. अमेरिकेत म्हणे घरोघरी असते तशी दिसणारी मोटार घेतात, आतून तिचं इंजिन राक्षसाचं करतात, बाहेरून साबणापासून सिमेंटपर्यंत सगळ्यांच्या जाहिराती चिकटवतात आणि गोल गोल पळवत बसतात. स्टॉक कार म्हणतात तिला. ज्याच्या गाडीवर जास्त जाहिराती, तो मोठा ड्रायव्हर! क्लेटन साहेब या प्रकाराचे पक्के भक्त. सिंगापुरात पुढच्या वर्षी मोठी मोटार शर्यत होणार म्हणून गावभर चर्चा होती, पण साहेबांना तेवढाही धीर नव्हता. त्यांनी जुरोंगकडचा एक कार्टचा, म्हणजे शर्यतीच्या चिमुकल्या गाड्यांचा, ट्रॅकच भाड्याने घेतला. प्रत्येक खात्याचा एक ड्रायव्हर. प्रत्येक ड्रायव्हरने आपला स्पॉन्सर आणायचा आणि त्याचा स्टिकर गाडीवर लावायचा.

"पहिला येईल त्याला कप," संजीव सांगत होता. "पण खरी गंमत पुढेच आहे! शर्यत संपली की प्रेक्षकांनी आवडत्या ड्रायव्हरला मतं द्यायची. आणि लोकांच्या लाडक्या ड्रायव्हरचा जो स्पॉन्सर, त्याला अख्ख्या ऑफिसच्या दिवाळीच्या डब्यांची ऑर्डर!"

मधुवंतीचा सोऱ्या थांबला. चकली अर्धीच लोंबत राहिली.

चांगली बँकेतली नोकरी सोडून तिने फराळ करून विकायला सुरुवात केली होती. लोक खात होते, बोटं चाटत होते, आणि जाताना म्हणत होते, "किती छान हौस आहे हो तुमची!" हौस! हा शब्द तिला चकलीतल्या खड्यासारखा लागायचा. या दिवाळीला मोठी ऑर्डर मिळाली तर ठीक, नाहीतर जानेवारीत पुन्हा बँकेची पायरी चढायची, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. संजीवला ते ठाऊक होतं.

"अहो, म्हणजे गाडीवर माझं नाव?"

"समोर! नाकावर! एवढं मोठं!" संजीवने हात असे पसरले की पिठाचा डबा थोडक्यात वाचला.

त्यांची मुलगी जाई कॉम्प्युटरवरून मान न वळवता सिंगापुरी सुरात म्हणाली, "बाबा, यू कान्ट इव्हन ड्राइव्ह, लाह."

"लूना चालवलीय मी! पुण्यात! लक्ष्मी रोडवर! संध्याकाळची!" संजीव कडाडला. "त्या माणसाला जगातला कुठलाही ट्रॅक रिकामाच वाटणार!"

शर्यतीत खरा प्रतिस्पर्धी एकच, कॉम्प्युटर खात्यातला डेस्मंड टॅन. हा पोरगा दर रविवारी कार्ट चालवायचा. त्याच्या बहिणीची बुकित पंजांगला बेकरी होती, आणि तिचे अननसाचे टार्ट खाल्ले की माणूस आपला धर्म विसरायचा. पण डेस्मंड घुमा होता. त्याला मतं देणार कोण? संजीवने हिशेब मांडला. मतं प्रेक्षकांची, म्हणजे प्रेक्षक आपले हवेत. आणि माणसं आणावीत तर मंडळाने! त्याने लगेच महाराष्ट्र मंडळवाल्या मनोहरकाकांना फोन लावला. काका तेव्हा मंडळाचे अध्यक्ष होते. त्याच्या आधीही तेच होते.

"काका, टाळ्या वाजवायला माणसं हवीत."

"माणसं? अरे, बस भरून आणतो! फक्त एक कर. मंडळाचं नाव असू दे गाडीवर. छोटंसं. बॉनेटवर."

"त्या गाडीला बॉनेट नसतं, काका."

"मग जे काही पुढे असेल त्याच्यावर!"

इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. संजीवला हिशेबातली चूक रस्त्यापलीकडून दिसायची, पण वडीलधाऱ्या माणसाला 'नाही' म्हणायची वेळ आली की त्याची जीभ टाळूला चिकटायची. "हो काका," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी विनीतावहिनींचा फोन. त्यांचा गाण्याचा क्लास होता. "भाऊजी, काकांना जागा दिलीत म्हणे! आम्ही काय परके?"

"छे छे, वहिनी!"

मग विमा विकणारा प्रकाश आला. मग योगवाले आले, पत्रिका जुळवणारे आले, घरपोच पोळ्या देणारे आले. प्रत्येकाला संजीव म्हणायचा, "बघतो की!" आणि आपल्याकडे 'बघतो' म्हणजे 'झालंच' असं समजायची पद्धत आहे, हे तर तुम्हांला ठाऊकच आहे.

शर्यतीच्या दिवशी सकाळी संजीवने कार्ट पहिल्यांदा जवळून पाहिली. कार्ट म्हणजे काय? चार चाकांवर ठेवलेलं घमेलं! दार नाही, छप्पर नाही, टेकायला धड जागा नाही. आणि चिकटवायची मंडळी तर रांग लावून उभी!

नाकावर मंडळ. डाव्या अंगाला गाणं, उजव्या अंगाला विमा. सीटच्या पाठीवर योग, पेट्रोलच्या टाकीवर पत्रिका, पोळ्या स्टिअरिंगवर! बघता बघता ती गाडी निवडणूक उरकलेल्या गावातल्या विजेच्या खांबासारखी दिसू लागली. सगळे आपापल्या स्टिकरवरून हात फिरवून निघून गेले. आणि मग संजीवच्या लक्षात आलं, की मधुवंतीचा स्टिकर अजून त्याच्या पिशवीतच आहे! केशरी रंगाचा, मधोमध भली मोठी चकली, वर इंग्रजीत आणि मराठीत 'मधुवंती फराळ'. जाईने रात्र जागून काढलेला.

कुणाचा काढावा? काकांचा? शिव शिव! वहिनींचा? त्या पाहत होत्या. प्रकाशचा? त्याने जेवणाचं आमंत्रण दिलं होतं.

गॅरेजमधल्या मेकॅनिकने तपासणीसाठी कार्ट घोडीवर चढवली होती. तो म्हणाला, "अंकल, जागा नाही आता. ओन्ली बॉटम, लाह."

संजीवने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, खाली वाकला आणि आपल्या बायकोचं नाव गाडीच्या पोटाखाली चिकटवून टाकलं!

कुंपणाजवळ मधुवंती चकल्यांच्या नमुन्यांचं टेबल मांडून उभी होती. पैठणी नेसून ती त्याच चकल्या पुन्हा पुन्हा मोजत होती. शेजारच्याच टेबलावर डेस्मंडची बहीण टार्ट मांडत होती.

"अहो, लावलंत ना?"

"लावलं की! अगदी खास जागी!"

"दिसतंय ना पण?"

"म्हणजे काय!" संजीव म्हणाला, आणि हेल्मेट घालून घेतलं. हेल्मेटचा एक फायदा असतो. आत माणसाचा चेहरा दिसत नाही.

सगळ्या गाड्या रांगेत उभ्या राहिल्या. इंजिनं गुरगुरू लागली. झेंडेवाल्याने झेंडा हातात घेतला. एवढ्यात घोषणा देणाऱ्याच्या हातातला माइक मनोहरकाकांच्या हातात कसा आला, हे कुणालाच कळलं नाही.

"थांबा!" काका गरजले. "सत्काराशिवाय आपल्याकडे पान हलत नाही!"

आणि ट्रॅकवर शाल आली, नारळ आला, फुलांचा गुच्छ आला. काकांनी गाडीत बसलेल्या संजीवच्या खांद्यांवर शाल घातली, मांडीवर नारळ ठेवला, आणि बोलू लागले. मंडळाची स्थापना, मंडळाची वाटचाल, मंडळापुढची आव्हानं! क्लेटन साहेबांना वाटलं, हे भारताचं राष्ट्रगीत असावं. त्यांनी टोपी काढली, हात छातीवर ठेवला आणि शेजाऱ्याला हळूच विचारलं, "किती कडवी असतात?"

अखेर काका संपले. झेंडेवाल्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

"आता आभारप्रदर्शन," काका म्हणाले. "विनीतावहिनी!"

झेंडेवाला सिंगापूरचा. त्याने घड्याळ पाहिलं. वेळ म्हणजे वेळ! त्याने झेंडा सपकन खाली आणला. डेस्मंड बाणासारखा सुटला. त्याच्यामागे बाकीचे सुटले. धुराचा लोट उठला. तो विरला तेव्हा जागेवर एकच गाडी उरली होती, संजीवची. आत संजीव, दोन्ही हात जोडून बसलेला!

"अहो, निघा!" कुंपणावरून मधुवंती ओरडली.

"आभार चालू आहेत!" संजीव हेल्मेटच्या आतून ओरडला. कुणी आपले आभार मानत असताना मधूनच उठून जाणं? खासनिसांच्या घराण्यात असं कुणी केलं नव्हतं!

"...तसेच ज्यांनी पाण्याच्या बाटल्या दिल्या त्यांचेही..." वहिनी वाचत होत्या. डेस्मंड एक चक्कर पूर्ण करून बाजूने झुम्म करत गेला.

"अहो, मी मानते सगळ्यांचे आभार! तुम्ही निघा!" मधुवंतीचा आवाज चिरकला. तो आवाज घरचा होता. संजीव भानावर आला. झेंडेवाल्याने "क्लॉथ कॅनॉट, अंकल!" म्हणत, चाकात अडकू नये म्हणून शाल ओढून घेतली, गुच्छ उडाला, पण नारळ? अध्यक्षांच्या हातचा नारळ रस्त्यात टाकायचा कसा? तो मांडीतच राहिला आणि गाडी निघाली.

निघाली, पण कशी? लूनासारखी! वळण आलं की संजीव हात बाहेर काढून वळत असल्याचं दाखवायचा. मागून कुणी आलं की डावीकडे सरून "जा, जा" अशी खूण करायचा. प्रेक्षकांच्या स्टँडमधले लोक आधी हसले, मग उभे राहिले, मग टाळ्यांवर ठेका धरून ओरडू लागले, "अं-कल! अं-कल!" ऑफिसातल्या चिनी मुली ओरडत होत्या, ऑफिसच्या गाड्यांचे मलाय ड्रायव्हर ओरडत होते, मंडळाच्या बसमधून आलेली माणसं तर हसून हसून केव्हाच आडवी झाली होती!

आता कौतुक कोणाला चढत नाही? संजीवला ते असं चढलं की उजवा पाय खाली गेला तो गेलाच! घमेलं उसळलं. नारळ मांडीवरून घरंगळला आणि नेमका ब्रेकच्या पेडलमागे जाऊन बसला. समोर वळण आलं. संजीवने ब्रेक दाबला. नारळ हलला नाही. पुन्हा दाबला. नारळ कोकणातला असावा, जाम ऐकेना!

"बाजूला व्हा!" संजीव ओरडला. समोर कुणी नव्हतं, फक्त टायरांची भिंत होती. गाडी गवतावरून उडत गेली, टायरांवर चढली, आणि शेपटीवर उभी राहून थांबली. नाक आभाळाकडे, पोट थेट स्टँडकडे!

मधुवंतीने दोन्ही हात तोंडावर धरले. टायरांच्या मागून आधी एक नारळ वर आला. मग तो धरलेला हात. मग अख्खा संजीव, ठणठणीत!

स्टँड कोसळायचंच बाकी राहिलं. आणि त्या गदारोळात जाई किंचाळली, "आई, लुक!"

उभ्या गाडीच्या पोटावर केशरी रंगाची भली मोठी चकली झळकत होती. नाकावरचं मंडळ आभाळाकडे तोंड करून बसलं होतं, गाणं आणि विमा दोन्ही धुळीने माखले होते. अख्ख्या ट्रॅकवर वाचता येत होतं ते एकच नाव!

कप अर्थातच डेस्मंडला मिळाला. पण मतांच्या पेटीतून एकसारख्या 'अंकल', 'अंकल', 'कोकोनट अंकल' अशाच चिठ्ठ्या निघत राहिल्या. डेस्मंडनेही मत संजीवलाच दिलं होतं!

"याचा स्पॉन्सर कोण?" क्लेटन साहेबांनी विचारलं.

"आमचं मंडळ!" मनोहरकाका पुढे झाले.

"आमचा क्लास!" वहिनी म्हणाल्या. प्रकाशने नुसतं कार्ड पुढे केलं.

साहेबांनी गळ्यातल्या कॅमेऱ्यात काढलेला फोटो दाखवला. "मला एकच नाव दिसलं. सगळ्या स्टँडला एकच दिसलं. आमच्याकडे यालाच जाहिरात म्हणतात!" असं म्हणून ते थेट मधुवंतीच्या टेबलाशी गेले आणि चकली तोंडात टाकली. मग दुसरी टाकली. मग तिसरी खिशात टाकली. ऑर्डर पक्की झाली! मधुवंती हसत होती आणि पैठणीच्या पदराने डोळेही पुसत होती. मनोहरकाकांनी सुद्धा मोठ्या मनाने टाळ्या वाजवल्या आणि जाताना चकल्यांचा पुडा नेला.

घरी पोचल्यावर मात्र मधुवंती विचारात पडली.

"अहो, एक सांगा. गाडी सरळच राहिली असती, तर माझं नाव कोणी वाचलं असतं?"

संजीव खाली वाकून बुटाची नाडी सोडू लागला.

"मुंग्यांनी," जाई मराठीत म्हणाली.

त्या दिवाळीला डबे गेले, मग नाताळचे गेले, मग चिनी नव्या वर्षाचेही गेले. 'हौस' हा शब्द पुन्हा कोणी काढला नाही. पुढच्या वर्षी साहेबांनी पुन्हा शर्यत जाहीर केली, तेव्हा संजीव स्वतःचं नवंकोरं हेल्मेट डोक्यात घालूनच घरात शिरला.

"यंदा तुझा स्टिकर नाकावर! शब्द देतो!"

"नाकावरच आहे," मधुवंती डब्यांना लेबलं लावत म्हणाली. "डेस्मंडच्या गाडीच्या. कालच बोलणं झालं. त्याच्या बहिणीचे टार्ट आणि माझी चकली, एकाच डब्यात."

"डेस्मंड? अगं, पण लोकांचा लाडका ड्रायव्हर मी आहे!"

"आहातच की. माझेही आहात," मधुवंती म्हणाली. "पण मला आता धंदा बघायचाय. झेंडा पडला की तो निघतो."

हेल्मेट टेबलाशी येऊन बसलं आणि लेबलं लावू लागलं.